कोण रे तिकडं रिकामा?

मराठी भाषा फार श्रीमंत आहे, असं साहित्य संमेलनाच्या मांडवात दरवर्षी सांगतात. असेल. जो माणूस कामात नाही, त्याच्यासाठी तरी ती भलतीच श्रीमंत आहे. रिकामा, मोकळा, निवांत, बेकार, बेरोजगार, निरुद्योगी, उनाड, ऐदी, बिनकामाचा, रिकामटेकडा. जागेसाठी रिक्त, घरासाठी ओस, जमिनीसाठी पडीक. शाळेत हे सगळे एकाच रकान्यात बसवून घोकून घेतात. परीक्षेत दोन गुण मिळतात. पण कुठला शब्द कुणाच्या अंगावर टाकायचा हे व्याकरणाच्या पुस्तकात नसतं. ते गावानं आधीच वाटून ठेवलेलं असतं. पाणवठा वाटला, मसणवटा वाटला, तसे शब्दही वाटले.

पाटील दुपारी जेवून डाव्या कुशीवर कलंडला की ती वामकुक्षी. घोरण्यालासुद्धा सोवळं नेसवलेलं! भटजी ओसरीवर डोळे मिटून बसले की ते चिंतन. साहेबाला आठ दिवस महाबळेश्वरला जाऊन काहीही करायचं नसतं, ती हवापालट. लेखकानं सहा महिने एक ओळ लिहिली नाही, तर त्याच्या आत म्हणे काहीतरी शिजत असतं. आणि आमचा पोरगा बी.ए. होऊन समाजमंदिराच्या पायरीवर तासभर टेकला की तो रिकामटेकडा. टवाळ. समाजाला लागलेली कीड.

‘ऐदी’ हा शब्द बघा. मोगलांच्या पदरी थेट बादशहाच्या चाकरीतले ‘अहदी’ शिपाई असत, त्यांच्यावरून तो आला म्हणतात. म्हणजे मूळचा ऐदी दरबारी, घोडा बाळगणारा, पगारी. आज ही शिवी कुणाला बसते? रोजंदारीवर गेला नाही त्या बिगाऱ्याला. दरबारातला आळस खाली उतरला आणि आमच्या दाराशी येऊन बसला. म्हणींचंही तेच. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण आपण हसत हसत वापरतो. अरे, तुंबडी लावणं हे त्याचं कसब होतं. गावाचं नासकं रक्त काढणारा तो माणूस, बलुत्यावर जगणारा. त्याला घटकाभर काम नव्हतं, तर गावाला हसू आलं. रिकामा पाटील काय लावी, रिकामा सावकार काय लावी, याची म्हण मला तरी अजून कुणी ऐकवलेली नाही.

पण मला सगळ्या शब्दांचं भांडण करायचं नाही. मला दोनच शब्दांचं करायचं आहे. रिकामा आणि मोकळा.

रिकामा हा ‘रिक्त’च्या कुळातला. मोकळा हा ‘मुक्त’च्या कुळातला. रिकामं भांडं, रिकामी गाडी, रिकामं पोतं. रिकामं म्हणजे ज्यात कुणीतरी काहीतरी भरायचं राहिलंय. पोत्याला कुणी विचारत नाही की बाबा, तुझ्यात ज्वारी भरू का कोळसा? मोकळा बैल म्हणजे ज्याच्या मानेवरचं जू उतरलं. मोकळी वाट, मोकळं रान, मोकळा श्वास. बाई बाळंत झाली की खेड्यात म्हणतात, मोकळी झाली. रिकामा हा शब्द भरणाऱ्याच्या तोंडचा आहे. मोकळा हा सुटलेल्याच्या तोंडचा. आता एखादा भाषेचा प्राध्यापक म्हणेल, लोक दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. वापरतात की. ज्याला फरक पडत नाही तो वापरतो. आपल्याला फरक पडतो.

माझा आजा येसकर होता. तो सांगायचा, चावडीकडून हाक यायची, ‘कोण रे तिकडं रिकामा?’ ही हाक म्हणजे प्रश्न नव्हता. ‘कुणी न्हाई जी’ हे उत्तर तिला चालत नव्हतं. आजा भाकरीवर बसलेला असो, तापानं फणफणलेला असो, बायकोला कळा लागलेल्या असोत, गावाच्या हिशेबी तो रिकामाच. हातात घास असलेला माणूस रिकामा कसा? तर असा, की त्याच्या हातात गावाचं काम नाही! मग ‘जी मायबाप’ म्हणत उठायचं. साहेबाच्या घोड्यापुढं पळायचं, सरकारी टपाल पुढच्या गावी पोचवायचं, मयताचा सांगावा घेऊन दहा कोस जायचं, मेलेलं ढोर ओढायचं, लाकडं फोडायची. परत आला की पुन्हा रिकामा. जन्मभर हा माणूस एक क्षण मोकळा नव्हता, आणि जन्मभर गावानं त्याला रिकामा म्हटलं.

हे नुसतं गावाचं मस्तवालपण नव्हतं. त्याला कायद्याचा शिक्का होता. १८७४ चा वंशपरंपरागत वतनांचा मुंबई इलाख्याचा कायदा काढून बघा. १९२८ साली बाबासाहेबांनी तो बदलण्यासाठी मुंबईच्या कायदे कौन्सिलात बिल आणलं. त्यांचं म्हणणं असं होतं की, महार वतनदाराच्या चाकरीला वेळेची मर्यादाच नाही, रात्र नाही दिवस नाही. तो स्वतः हजर नसेल तर त्याच्या घरातल्या दुसऱ्या कुणालाही त्या कामाला जुंपता येतं. मोबदला काय, तर तुकडाभर जमीन आणि गावानं मनात आलं तर घातलेलं बलुतं. लक्षात घ्या दोस्तहो, बाबासाहेब तिथं फक्त पगार मागत नव्हते. कामाला काठ मागत होते. इथं काम संपलं, इथून पुढचा वेळ माझा, अशी रेघ मागत होते. ते बिल पार पडलं नाही. महार वतन खालसा व्हायला १९५८ चा कायदा यावा लागला. तोवर आजाचे गुडघे गेले होते.

फारसीतून आलेले दोन शब्द बघा. बेकार आणि बिगार. कानाला सख्खे भाऊ वाटतात. बेकार म्हणजे काम नाही. बिगार म्हणजे काम आहे, दाम नाही. आपल्या बापजाद्यांच्या वाट्याला बिगार आली आणि आपल्या वाट्याला बेकारी. मधली जी जागा आहे, कामही आहे, दामही आहे आणि संध्याकाळी घरी येऊन पाय पसरून पुस्तक उघडायला वेळही आहे, ती जागा आपल्याला डावलून कुठं गेली?

ती कुठं गेली हे मनू सांगून गेलाय. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात दोन गोष्टी आहेत. एक, शूद्र विकत घेतलेला असो की नसो, त्याच्याकडून दास्य करून घ्यावं, आणि मालकानं जरी त्याला सोडून दिलं तरी तो दास्यातून सुटत नाही. बघा, मालकानं सोडलं तरी सुटत नाही! म्हणजे रिकामा होतो, मोकळा होत नाही. माझा सगळा मुद्दा त्या म्हाताऱ्यानं आधीच मांडून ठेवलाय, फक्त उलट्या बाजूनं. दुसरी, राजानं वैश्य आणि शूद्र यांना जपून आपापल्या कामाला लावावं, नाहीतर जगाची घडी विस्कटेल. शूद्र घटकाभर स्वतःचा झाला तर ज्या जगाची घडी विस्कटते, त्या जगाला केवढी धास्ती असेल आपल्या मोकळ्या वेळाची! २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ती पोथी जाळली. पण पोथीतली नजर गावात आहे, ऑफिसात आहे, पोलीस चौकीत आहे. ‘काय करतोस रे?’ हा चौकीतला पहिला प्रश्न. ‘काही नाही’ म्हटलं की संशयित. इंग्रजांच्या १८९८ च्या फौजदारी संहितेत १०९ वं कलमच होतं. पोटापाण्याचं दिसण्याजोगं साधन नाही, एवढ्यावर माणसाला पकडून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई. १९७३ च्या संहितेत ते शब्द गेले. हवालदाराच्या डोक्यातून ते गेले असतील तर कुणीतरी मला पारध्यांच्या पालावर नेऊन दाखवावं.

आता काही मित्र म्हणतील, बाबा रे, पोटाला काम नाही आणि तू मोकळ्या वेळाच्या गप्पा मारतोस. आधी भाकर, मग फुरसत. हे मला मान्य नाही. आपल्या चळवळीलाही कधी मान्य नव्हतं. नारायण मेघाजी लोखंडे, जोतीरावांचा सत्यशोधक माणूस. मुंबईच्या गिरणीत कामगार उजाडल्यापासून अंधार पडेतोवर राबत होता. तेव्हा लोखंड्यांनी मालकांकडं काय मागितलं? आठवड्याचा एक दिवस. नुसती सुटी नव्हे. त्या दिवशी देवाचं करता येईल, आणि आपल्या समाजाचं काहीतरी बघता येईल, असा तो दिवस. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. आज ज्या रविवारी आपण बुद्धविहारात वंदनेला जमतो, अभ्यासवर्ग घेतो, तो रविवार आभाळातून पडलेला नाही. तो भांडून मिळवलेला मोकळा वेळ आहे. त्या वेळातून चळवळ उभी राहते, हे मालकाला आपल्याआधी कळलं होतं.

आणि बाबासाहेब? १९४५ साली काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं, हे त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्यात गांधीवादावर एक प्रकरण आहे. तरुण पोरांनी दुसरं काही नाही तरी तेवढं प्रकरण वाचावं. गांधीजींना यंत्र नको होतं, चरखा हवा होता. बाबासाहेबांनी त्याला जे उत्तर दिलं त्याचा आशय असा: जनावर फक्त पोटासाठी जगतं, माणसाला त्यापलीकडं मनाचं जगणं असतं. ते जगायचं तर फुरसत लागते. फुरसत तेव्हाच मिळते जेव्हा थोड्या श्रमात गरज भागते, आणि ते काम यंत्र करतं. म्हणून यंत्र नको म्हणणारा माणूस गरिबाला जनावरासारखं राबत ठेवायला निघालाय. ज्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कुणी येसकरकी केली, त्यालाच हे इतकं लख्ख दिसू शकतं. ज्यांच्या घरी दळण कांडण दुसरंच कुणी करत होतं, त्यांना श्रमाचं पावित्र्य सुचलं. बाबासाहेबांना श्रमातून सुटका सुचली.

आणि ते नुसतं लिहून थांबले नाहीत. १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात ते मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४५ साली, कारखान्यातल्या कामगाराला भरपगारी रजेचा कायदा झाला. १९४६ साली बारमाही कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती आली. सहा तास! कामगाराच्या आठवड्यात सहा तास मोकळे. जयंतीच्या बॅनरवर आपण घटनेचे शिल्पकार लिहितो, ते लिहायलाच हवं. त्याच बॅनरवर एकदा हे सहा तासही लिहा. त्याआधी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपाचा हक्क बांधून टाकणाऱ्या बिलाविरुद्ध मुंबईत एक दिवसाचा संप झाला. बाबासाहेब त्याच्या पुढाऱ्यांत होते. संप म्हणजे काय? हात रिकामे आणि माणूस मोकळा. मालकाला रिकामे हात कधीच भीतीदायक वाटत नाहीत, रांगेत उभे असलेले रिकामे हात तर त्याला हवेच असतात. त्याला भीती वाटते ती मोकळ्या माणसाची.

ज्यांच्यापर्यंत तो ४८ तासांचा कायदा पोचलाच नाही, त्यांच्याकडं बघा. मराठवाड्यातून दर दिवाळीच्या सुमाराला कोयता निघतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हिशेबात दोन माणसं एक अवजार! उचल आधीच खाल्लेली. आता फडात एक दिवस गेला नाही तर त्या दिवसाला नाव आहे खाडा. खाड्याचा दंड बसतो. आजारी पडलो, खाडा. पोराला ताप, खाडा. बाईची पाळी आली, खाडा. माणसाच्या अंगाला विसावा लागतो ही गोष्टच इथं गुन्हा, आणि गुन्ह्याला दंड. म्हणून बायका काय करतात ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्रापुढं आलं. बीड जिल्ह्यात सरकारी पाहणी झाली. ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. खाडा नको म्हणून शरीरातलाच एक भाग काढून टाकला. याला काय शब्द आहे मराठीत? भाषा श्रीमंत आहे ना?

आणि ह्याच बाईचं नाव गावी शाळेच्या फॉर्मवर लिहिताना पोरगा आईच्या व्यवसायासमोर लिहितो, ‘काही नाही, घरकाम’. पहाटे चारला उठते ती. पाणी, सरपण, भाकरी, फड, पुन्हा भाकरी. आपल्याच सभेत आपलाच कार्यकर्ता सांगतो, ‘आमची मंडळी काही करत नाही, घरीच असते.’ चावडीवरून आजाला जी हाक यायची तीच घरातून बाईला येते, ‘रिकामी आहेस का गं? जरा पाणी दे.’ ती कधी मोकळी आहे का, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

रोजगार हमीचंही असंच. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडून जगली. त्यातून १९७७ चा महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा आला. मागेल त्याला काम, नाहीतर बेकारभत्ता. पुढं २००५ साली देशाचा कायदा झाला. या कायद्यांनी एक मोठी गोष्ट केली होती. मजुराला पाटलाच्या बांधावर जायला ‘नाही’ म्हणता येऊ लागलं. मग बागायतदारांची ओरड सुरू झाली, मजूर मिळत नाहीत, मजूर आळशी झाले. २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं त्या जागी नवा कायदा केला. दिवस १०० चे १२५ केले खरे, पण पेरणी-कापणीच्या हंगामात वर्षातून ६० दिवसांपर्यंत ही कामं बंद ठेवण्याची तरतूद घातली. का? तर शेतीला मजूर मिळावेत म्हणून. म्हणजे सरकार स्वतः दवंडी पिटणार, आता साठ दिवस तुम्ही रिकामे. चावडीची हाक दिल्लीतून आली, एवढाच फरक.

माणसाचं एवढं झालं. आता जागेचं बघू, कारण जागेला लागलेला ‘रिकामा’ तर आणखीच चमत्कारिक वागतो.

सरकारी नोकरीतली राखीव जागा. ती भरत नाहीत. मुलाखतीला आपली पोरं जातात, शेरा पडतो, योग्य उमेदवार मिळाला नाही. जागा रिक्त. पुढल्या वर्षी पुन्हा रिक्त. मग साठलेल्या रिकामेपणाला सरकारनं भारदस्त नाव दिलं, अनुशेष. २००० साली ८१ वी घटनादुरुस्ती करावी लागली, की हा साठलेला अनुशेष वेगळा गट धरावा, त्याला पन्नास टक्क्यांची मर्यादा लावू नये. दुरुस्ती झाली, अनुशेष हटला नाही. २०२३ च्या डिसेंबरात विद्यापीठ अनुदान आयोगानं मसुदा काढला. त्यात राखीव जागा भरली नाही तर काही परिस्थितीत ती खुली करण्याची वाट ठेवलेली. देशभर ओरड झाली तेव्हा सरकारनं हात झटकले, असं काही होणार नाही म्हणाले. मी स्वतः एका महाविद्यालयात मुलाखतीला गेलो होतो. समितीतल्या एकानं माझ्या कागदांवर नजरही न टाकता विचारलं, ‘सध्या रिकामेच आहात का?’ मी म्हणालो, ‘मी नाही, तुमची जागा रिकामी आहे. सात वर्षं.’ जागा आठव्या वर्षीही रिकामी राहिली.

याच्या उलट बाजू बघा. नगरपालिकेत सफाईची जागा कधी वर्षानुवर्षं योग्य उमेदवाराअभावी अडलेली ऐकलीत का? बाप गटारात गेला की पोराचं नाव लागतं. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी वारसाहक्क दिलाय. मी त्या हक्काविरुद्ध बोलत नाही. त्या पोराच्या घरची चूल त्यावर पेटते आणि ती पेटलीच पाहिजे. ज्याला दुसरं दार उघडं नाही त्याच्या हातातली ही एक किल्ली कुणी काढून घेऊ नये. पण वतन १९५८ ला खालसा झालं म्हणणाऱ्यांनी मला सांगावं, प्राध्यापकाच्या खुर्चीला लायक माणूस देशात सापडत नाही आणि झाडूला आईच्या पोटातच सापडतो, ही कुठली भरती आहे? एक जागा रिकामी ठेवायची असते, एक जागा रिकामी राहू द्यायची नसते. दोन्ही ठिकाणी जात तीच.

जमिनीची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण ती तुम्हाला पाठ आहे. गायरान पडीक असतं तोवर पडीकच असतं. कुणाला त्याची आठवण नसते. आपला माणूस तिथं दगड वेचतो, दोन पावसाळे राबतो, ज्वारी वर येते, त्या दिवशी ते गावाचं गायरान होतं आणि तो अतिक्रमणवाला. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला याच प्रश्नावर भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. बायाबापड्या लेकरं काखेला मारून तुरुंगात गेल्या. १९९१ च्या सरकारी निर्णयानं १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायची ठरलं. २०२२ ला उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गायरानं खाली करण्याच्या नोटिसा निघाल्या. ‘खाली करा’ म्हणजे काय? पुन्हा पडीक करा. पिकलेल्या जमिनीपेक्षा ओसाड जमीन यांना चालते, फक्त पीक आपल्या हातचं नको.

पण शब्दानं जमीन कशी गिळली जाते हे बघायचं तर मुंबईला या. गिरणगाव आपलंही होतं. तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे, म्हणून विणकाम खात्यात अस्पृश्याला घेत नसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला होता. तरी आपली माणसं उरलेल्या खात्यांतून राबली, बीडीडी चाळीत वाढली. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. गिरण्या बंद. माणसं बेकार. मग जमिनीचं काय? १९९१ चा ५८ वा नियम म्हणत होता, ढोबळमानानं तीन वाटे करा. एक शहराच्या मोकळ्या जागांना, एक सरकारी घरबांधणीला, एक मालकाला. २००१ साली नियमात दुरुस्ती झाली. काय केलं? काही नाही, एका शब्दाचा अर्थ बदलला! वाटे करायचे ते फक्त ‘मोकळ्या’ जमिनीचे. गिरणीची इमारत पाडून जी जागा निघेल ती मोकळी धरायची नाही. आता गिरणीत इमारत सोडून मोकळं असतं किती? चार झाडं आणि गेटपासची खिडकी. २००५ ला उच्च न्यायालयानं ही चलाखी अडवली, २००६ ला सर्वोच्च न्यायालयानं ती वैध ठरवली. लोअर परळला काचेच्या इमारती उभ्या आहेत, त्या ‘मोकळा’ या शब्दाच्या व्याख्येवर उभ्या आहेत. मला सांगा, शब्दांवर भांडणं हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे काय?

आता घरचं भांडण. ते टाळून हा लेख संपवला तर मी लबाड ठरेन.

आपल्यातले जे वर पोचले, फ्लॅटमध्ये गेले, ते वस्तीत येतात तेव्हा काय म्हणतात? ‘ही पोरं नुसती रिकामी बसतात, काही करत का नाहीत?’ साहेब, तुम्ही ज्या शिष्यवृत्तीवर शिकलात ती ह्यांना दोन दोन वर्षं उशिरा मिळते. तुम्ही ज्या कायम नोकरीत चिकटलात ती आता कंत्राटावर अकरा महिन्यांची आहे. पाटलाच्या तोंडचा शब्द तुमच्या तोंडी आला, तो सुटाबुटात आला म्हणून त्याचा वास जात नाही.

आणि आपले पुढारी. गटागटाचे, तटातटाचे. निवडणूक लागली, साहेबांचा वाढदिवस आला, की फोन येतो, ‘काय रे, पोरं रिकामी आहेत ना? पन्नास पाठव. जेवणाची सोय आहे.’ झेंडे बांधायला, खुर्च्या मांडायला, दुसऱ्या गटाची सभा उधळायला. बिर्याणी आणि पेट्रोल. पोरं जातात, कारण कुणीतरी आपल्याला बोलावलं याचाही आनंद असतो. मी नीट ऐकलंय तो फोन. त्यात आजाला आलेली हाकच आहे, फक्त शेवटी ‘जय भीम’ म्हणतात. ज्या बाबासाहेबांनी कामगाराच्या आठवड्यातून सहा तास सोडवून आणले, त्यांचं नाव घेऊन हे लोक आपल्या पोरांचे सहा महिने भरून घेतात.

तेव्हा दोस्तहो, असा फोन आला तर विचारा, काम काय आहे, कुणाचं आहे, आणि आमच्या तालुक्याचं त्यात काय आहे. आणि समाजमंदिराच्या पायरीवर बसणं बंद करू नका. बसा. पेपर मोठ्यानं वाचा, बायकांनाही त्या पायरीवर जागा करा, भांडणं करा, कविता लिहा, काहीच सुचलं नाही तर नुसते बसा. कुणी विचारलं, रिकामा आहेस का, तर सांगा, नाही, मोकळा आहे.

आणि एक काम करा. २००५ चा माहितीचा अधिकार हातात आहे. साधा कागद घ्या, त्यावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. तीस दिवसांत उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. तालुक्यातल्या प्रत्येक कार्यालयात विचारा: मंजूर राखीव जागा किती, भरलेल्या किती, रिक्त किती, किती वर्षांपासून, आणि न भरण्याचं कारण काय. तहसीलला विचारा: गावागावात गायरान किती एकर, त्यातलं कारखान्याला, संस्थेला, पुढाऱ्याच्या ट्रस्टला किती दिलं, आणि १९९१ च्या निर्णयानुसार भूमिहीनांच्या नावावर किती लागलं. उत्तरं आली की पुढच्या अंकाकडं पाठवा. आपण ती गाववार छापू.